ओट्यावरची बोट

वराळ्यातली आमची शेजारीण आफ्रिकेत रेल्वेत असलेल्या लेकाकडे निघाली होती. परवडलं ते बोटीच्या उघड्या डेकचं तिकीट. तिथे वळकटीपुरतीच जागा मिळते, हे कळताच तिने ओट्यावर चुन्याने तेवढीच चौकट आखली आणि सवय व्हावी म्हणून त्यातच राहू लागली. शेगडी त्यात, निजणं त्यात, वारं सुटलं तरी त्यातच. कुणी हसलं, की म्हणायची, "व्हय, मग?"

एकदा गावातले आबा तावातावाने थेट चौकटीत शिरले. "एकल्या बाईनं समिंदर वलांडायचा? आमी जाऊ देनार न्हाई!"

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आबा, खाली उतरा. बोट सुटली."

आणि मी बघितलं, आबा धोतर सावरत ओटा उतरले.