बारा दिवस गोळी बंद

माझी बहीण करुणा जाऊन आज वर्ष झालं, आणि मी अजून मोबाईलवर तिच्या कॅन्सरची औषधं शोधतोय.

हाडाचा कॅन्सर. गुडघ्याजवळ.

केमो झाली, ऑपरेशन झालं, आत धातूचा सांधा बसवला. करुणा काठी टेकत परत लॉ कॉलेजला जायला लागली. आम्ही गल्लीत पेढे वाटले.

दीड वर्षानं फुफ्फुसात डाग दिसले.
दुसरी केमो लागूच पडली नाही.

मग रोजच्या गोळ्या. डॉक्टर मॅडम स्पष्ट बोलल्या, "यानं आजार जाणार नाही. काही महिने थोपवून धरता आला तर बघू."

मी फक्त 'थोपवून' एवढंच ऐकलं.

गोळ्यांनी तिचे तळहात सोलून निघाले. पेन धरवेना. आणि शेवटच्या वर्षाचे पेपर तोंडावर.

मॅडम म्हणाल्या, "बारा दिवस गोळी बंद ठेवू. मग डोस कमी करून परत सुरू."

पडेगावला घरी आल्यावर मी ओरडलो, "पेपर पुढच्या वर्षी दे ना!"

"दादा, पुढच्या वर्षी मी हाये का?"

आई ओट्यापाशी तशीच उभी राहिली.

तिनं पेपर दिले. मी गाडीवर सोडायचो आणि गेटबाहेर येरझाऱ्या घालायचो. शेवटच्या दिवशी बोटांना पट्ट्या बांधलेली ती हसत बाहेर आली. "लई लिहिलं रे. सप्लिमेंट घेतली."

पुढच्या स्कॅनमध्ये डाग वाढलेले.

"सांगत होतो ना तुला!"
दवाखान्याच्या जिन्यातच बोललो मी. लोकांसमोर.

मॅडमनी मला आत बोलावून समजावलं. बारा दिवस गोळी थांबली म्हणून एवढं वाढत नाही, गोळीचा असर आधीच संपला होता. मला पटलं नाही. मुंबईला फोन, पुण्याला फोन, नव्या औषधाच्या ट्रायलसाठी मेल. 'पेशंट निकषात बसत नाही.' परत दुसरीकडं मेल.

एका दुपारी तिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"दादा, खरं सांग. मी पेपर दिले म्हणून वाढलं, असं वाटतं ना तुला?"

"नाय गं."

"खोटं बोलतो."

मी फोन परत घेतला आणि पुढचा मेल लिहायला लागलो.
आठ दिवसांनी ती गेली.

निकाल त्यानंतर लागला. सगळे विषय सुटले.

करू गं, मॅडमचं बरोबर होतं, हे आता पटलंय मला. तेव्हा पटायला पाहिजे होतं, तू समोर होतीस तेव्हा.

चुकलं माझं.

वकीलबाई, दादाचा नमस्कार घ्या.