यकृत ओल्या कचऱ्यात गेलं

माझ्या सासऱ्यांनी माझी पचनसंस्था कचऱ्याच्या गाडीत टाकली, तेव्हा मी अंघोळ करत होते.

टाकली म्हणजे कशीही भिरकावली नाही. आमच्या अण्णांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट कशीही केलेली नाही. त्यांचे पणजोबा इथल्या दरबारच्या दफ्तरात कारकून होते आणि तो कारकून आमच्या घरातून अजून रिटायर झालेला नाही. इंदूरमध्ये कचरा वेगळा करून देतात सगळेच, पण अण्णा तो तपासून देतात. मागच्या अंगणात सहा डबे आहेत. ओला, सुका, प्लास्टिक, आणि उरलेल्या तिनांत काय टाकायचं ते त्यांनाच ठाऊक. एकदा माझ्या नवऱ्यानं, नितीननं, बिस्किटाचा कागद चुकीच्या डब्यात टाकला. अण्णा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. (नितीनला ते तिसऱ्या दिवशी कळलं, ती गोष्ट वेगळी.)

आता माझी पचनसंस्था माझ्या पोटाबाहेर, एका खोक्यात काय करत होती, ते सांगते.

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर मला बी.एड. करायची हुक्की आली. खजरान्याकडच्या एका हिंदी शाळेत, सातवीच्या वर्गावर, प्रॅक्टिकलला पाठवलं. पहिल्या दिवशी वर्गात पाय ठेवला आणि मागच्या बाकावरून घोषणा झाली, "बी.एड. वाली दीदी आई है, मतलब आज पढ़ाई नहीं है." मूळच्या बाईंनी तर मला बघताच पर्स उचलली आणि ज्या गेल्या त्या चार आठवडे दिसल्याच नाहीत. मी रात्रभर घोकून चाळीस मिनिटांचा पाठ नेला होता. तो अकरा मिनिटांत संपला! उरलेली एकोणतीस मिनिटं मी मुलांना खिडकीचे गज मोजायला लावले. ते दोन मिनिटांत मोजून झाले. मग त्यांनी मला माझं वय विचारलं.

पुढचे दोन पाठ असेच वाहून गेले. राहिला शेवटचा, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसमोरचा. हा गेला की वर्ष गेलं. नितीनच्या आत्या "मी तेव्हाच म्हटलं होतं" म्हणायला टपूनच बसल्या होत्या, पण त्यांचं सोडा. मला खरोखर मास्तरीण व्हायचं होतं. पोरांनी गज मोजून दाखवले त्या दिवशीसुद्धा व्हायचं होतं, म्हणजे बघा.

कॉलेजचं म्हणणं असं, की शिकवायचं साहित्य घरातल्या टाकाऊ वस्तूंचं असेल तर जादा गुण. मी आठवडाभर खपून पचनसंस्था बनवली. अन्ननलिका म्हणजे वॉशिंग मशीनचा जुना पाइप. जठर म्हणजे शेकायची गळकी रबरी पिशवी. लहान आतडं म्हणजे ओढणीचं लांबच लांब वेटोळं आणि मोठं आतडं कूलरच्या पाइपचं. यकृत मात्र कणकेचं केलं, कुंकू कालवून. मग नियमाप्रमाणे खोक्यावर यादी चिकटवली, कुठली वस्तू कशापासून. पाठाच्या आदल्या संध्याकाळी खोकं जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

सकाळी अंघोळीहून आले, तर टेबल लख्ख. अण्णा त्यावरून फडकं फिरवत होते.

"अण्णा, इथं खोकं होतं."

"होतं ना. सगळं मिक्स होतं गं त्यात. पण तू यादी लावून ठेवलीस ते छान केलंस, पटापट वेगळं झालं."

त्यांनी यादी पुढे केली. प्रत्येक ओळीपुढे लाल पेनानं बरोबरची खूण. पाइप, प्लास्टिक. ओढणी, सुका. कणीक, ओला. रबरी पिशवीपुढे मात्र प्रश्नचिन्ह होतं.

"ही माझी होती ना? दोन महिने शोधतोय."

"अण्णा, ती माझी पचनसंस्था होती. आज परीक्षक येणारेत."

अण्णा खुर्चीत बसले. यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"मग कणीक कोण होती?"

"यकृत."

"अरेरे," ते म्हणाले, "ते ओल्यात गेलं."

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला कचरागाडीचं गाणं ऐकू आलं, म्हणजे आमचा कचरा घेऊन गाडी पुढच्या गल्लीत वळली होती. मी स्कूटीची किल्ली उचलली. मागे बघते तर अण्णा हेल्मेट घालून तयार.

"तुम्ही कुठे?"

"कुठल्या कप्प्यात काय टाकलंय, ते तुला माहीत आहे का?"

नव्हतं माहीत. तेव्हा पुढे कॉलेजच्या युनिफॉर्मची साडी नेसलेली मी आणि मागे यादी धरलेले अण्णा, अशी आमची वरात गाडीमागे निघाली. दुसऱ्या गल्लीत पोह्याच्या ठेल्यावरच्या मंडळींनी आमची धावपळ बघितली आणि त्यातला एक प्लेट उंच करून ओरडला, "ओ भिया, गाड़ी रोको, आंटी का कचरा रह गया!" गाडी थांबली. मदत केली म्हणून त्या माणसाला मी 'आंटी'बद्दल माफ केलं. पूर्ण नाही केलं.

गाडीवर सुनीतादीदी होत्या, रोजच्याच. मी हात जोडले आणि हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे मान हलवली.

"एक बार डल गया तो डल गया. निकालना मना है."

"किसने मना किया, दीदी?"

त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे बोट दाखवलं. "बाबूजी ने. पिछले महीने ऑफिस में लिखकर दिया था."

मी वळून बघितलं. अण्णा हेल्मेटचा पट्टा नीट करत होते.

"अर्ज बरोबरच होता," ते हळूच म्हणाले. आणि मग आमचे अण्णा, ज्यांनी विजेचं बिल चुकीचं आलं तरी कुणाची विनवणी केली नाही, ते गाडीपाशी जाऊन म्हणाले, "बहनजी, मेरी बहू का इम्तिहान है. गलती मेरी है."

सुनीतादीदींचा चेहरा निवळला. "तो पहले बोलना था ना, बाबूजी."

प्लास्टिकचा कप्पा उघडला, सुक्याचा उघडला. ओल्यात अण्णांनी स्वतः कोपरापर्यंत हात घातला. पपईच्या साली आल्या, भिजलेला चहा आला, यकृत काही आलं नाही. गाडीला उशीर होत होता. दीदींनी प्लास्टिकच्या आणि सुक्याच्या कप्प्यांतलं वरवरचं हाताला लागेल ते एका पोत्यात कोंबलं आणि पोतं अण्णांच्या मांडीवर दिलं. "घर जाके छाँट लेना."

"सूनबाई, हे मिक्स आहे," अण्णा मागून म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

"असू दे, अण्णा."

"मी मिक्स घेऊन बसलोय."

शाळेपर्यंत ते एवढंच बोलले.

वर्गात मागच्या बाकावर परीक्षक आधीच बसलेले. व्यास सर. खिशाला तीन पेनं, कपाळाला चार आठ्या. मॉडेल जोडायला वेळ नव्हता. पाठाची प्रस्तावना पाठ होती, ती पपईच्या सालींबरोबर गेली होती. मी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, पोतं उलटं केलं आणि डोळे मिटले. डोळे उघडले तर अडतीस मुलं चिडीचूप! चार आठवड्यांत पहिल्यांदा.

"किसी का पाचन तंत्र बिखर गया है," मी म्हणाले. (हे माझ्या तोंडून कसं आलं ते मला आजही माहीत नाही.) "आप लोगों को जोड़ना है."

तिसऱ्या बाकावरची खुशी उठली. ही मुलगी माझ्याशी आजवर एकच वाक्य बोलली होती, "पानी पीने जाऊँ?" तिनं पाइप उचलला, कागदावर आडवा ठेवला आणि म्हणाली, "पहले खाने की नली." मग सगळेच उठले. पिशवी कुठे, वेटोळं कुठे, यावर भांडणं लागली. पुस्तकं उघडली गेली, तीही आपण होऊन. पोत्यात शेजारच्यांचंही सामान आलेलं. कुणाचा तरी टूथब्रश निघाला.

"दीदी, ये?"

"दाँतों के पास रख दो."

मग एक चप्पल निघाली. लहान मुलाची, डाव्या पायाची, गडद तपकिरी. मी काही बोलायच्या आत खुशीनं ती जठराच्या शेजारी, वरच्या बाजूला ठेवली. "लिवर." आणि काय सांगू, रंगानं, आकारानं, जागेनं, ती माझ्या कणकेपेक्षा फर्स्टक्लास यकृत दिसत होती.

"दीदी, लिवर चप्पल का क्यों है?" एकानं विचारलं.

"क्योंकि असली वाला गीले में चला गया," खिडकीतून उत्तर आलं.

अण्णा. गजांना धरून उभे. व्यास सरांनी मान वळवली. "ये सज्जन कौन हैं?"

सासरे म्हणावं तर पाठ घरचं कार्य व्हायचा. बी.एड.ला बाहेरून बोलावलेल्या जाणकाराला एक शब्द असतो, तोच मी पुढे केला. "रिसोर्स पर्सन, सर."

अण्णा दाराशी चपला काढून आत आले. यादी उघडली आणि मुलांना सांगू लागले, डब्यात आलेल्या वस्तूंतून कामाचं काय, ते कसं निवडायचं, उरलेलं पुढे कुठे पाठवायचं. मुलं ऐकत होती. (माझं कधी ऐकलं नव्हतं, पण जाऊ दे.) खुशी ओढणीच्या वेटोळ्याकडे बघत होती, मग अण्णांकडे.

"मतलब अंकल जी, आप छोटी आँत हो," ती म्हणाली. "काम का रख लिया, बाकी आगे भेज दिया."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि मराठीत विचारलं, "हे चांगलं आहे का गं?"

"खूप चांगलं आहे, अण्णा." चाळीस मिनिटांत जे शिकवायचं होतं ते एका पोरीनं एका वाक्यात उचललं होतं, माझ्या वर्गात.

व्यास सरांनी जाताना शेरा लिहिला तो असा, की साहित्याचं नियोजन काटेकोर, घरच्या अनुभवाची जोड उत्तम, उत्तीर्ण. काटेकोर! मी शाळेच्या पायरीवर बसले आणि रडले. जीव असा भांड्यात पडला, की आवाज आत्यांच्या घरापर्यंत गेला असावा. अण्णा शेजारी उभे राहून एकच विचारत होते, "यकृताचे मार्क कापले का?" नव्हते कापले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाहीर केलं, की मॉडेल मीच वेगळं करणार. आता काय, मी काटेकोर बाई. यादी समोर ठेवली आणि एकेक वस्तू डब्यात टाकत गेले. गाडीचं गाणं ऐकू आलं तशी हात झटकून उभी राहिले. अण्णा डबे तपासायला वाकले.

"सूनबाई, चप्पल ओल्यात?"

मी बघितलं. खरंच ओल्यात होती.

"यादीत यकृत ओल्यातच आहे, अण्णा," मी म्हणाले.

अण्णांनी खिशातून लाल पेन काढलं, यादीवर ठसठशीत फुली मारली आणि म्हणाले, "उद्या पाठ परत घे."