उपोषणाच्या मांडवामागचं भरीत

‘आधी जेव रे भो, मंग भांड!’

कुणी तावातावानं आलं की भाऊ त्याच्या पोटावर हात ठेवून एवढंच म्हणत. विरोधी पार्टीचा माणूसही ढेकर देत परत फिरे. आपण कशासाठी आलो होतो ते त्याला वेशीपाशी आठवे. तोवर भाऊ घोरत असत.

तुम्ही पुष्कळ पुढारी पाहिले असतील, पण असं पोट नसेल पाहिलं. फैजपूरच्या बाजारात आधी ते शिरे, मग भाऊ, मग आम्ही कार्यकर्ते. निवडणुकीत भाऊ नेमानं पडत. लोक त्यांच्याकडे जेवत आणि मत दुसऱ्याला देत. ‘जेवले ना पोटभर?’ एवढीच त्यांची चौकशी.

असा माणूस उपोषणाला बसला, म्हणजे तापीनं वाहणंच सोडलं म्हणा ना! कारण होतं बसचं. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं फैजपूर, आणि शाळेच्या वेळेला बस नाही. सातवी झाली की पोरी घरी. त्या वर्षी भाऊंची धाकटीही घरी बसली, आणि भाऊ डेपोसमोर येऊन बसले.

तिसऱ्या दिवशी सगळा गाव ट्रॅक्टरनं पाठिंब्याला आला. हिवाळ्याचे दिवस. आमच्याकडे हिवाळ्यात चार माणसं जमली की वांगी भाजतात. मोर्चा असो की मयत, हात आपोआप कपाशीच्या काड्यांकडे जातो. पोरांनी मांडवामागंच जाळ केला.

मी घाबरून म्हटलं, ‘भाऊ, उपोषणात भरीत? पेपरवाले काय लिहितील?’

‘मी उपाशी हाये. गाव काय म्हून उपाशी ठेवू?’ आणि हळूच म्हणाले, ‘जाळ जरा वाऱ्याच्या बाजूले घ्या.’

वास असा सुटला, की रावेरची कुत्री सावद्याच्या कुत्र्यांना रस्ता विचारत आली. मागोमाग डेपोचे साहेब लिंबूपाण्याचा पेला घेऊन आले. धुळ्याकडचे, नवे, कडक.

‘भाऊ, हा हट्ट सोडा. गाड्याच कमी आहेत.’

‘आधी जेवा साहेब, मंग भांडू.’

आलेल्या पाहुण्याला उपाशी पाठवायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा. केळीचं पान मांडलं. भाऊ डोलत डोलत उठले आणि स्वतः वाढायला लागले. भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. ‘घ्या, लाजू नका.’

साहेबांनी दोन भाकरी उडवल्या. तिसरीला वर पाहिलं, तर साहेबांचा घास उतरला की भाऊंचा कंठ हलत होता. हातात वाढणं, डोळ्यांत पाणी. साहेबांचा हात थांबला.

‘भाऊ, तुम्हीही घ्या ना.’

‘बस येऊ द्या.’

साहेबांनी हातातला घास पानावर ठेवला. मग म्हणाले, ‘सोमवारपासून बस सोडतो.’

‘पोरींच्या येळेवर?’

‘पोरींच्या वेळेवर.’

‘मंग तो घास टाकू नका.’

लिंबूपाण्यानं भाऊंनी हात धुतले आणि पानावर बसले. त्यानंतर तालुक्यात आठवडाभर कुणाला वांगं दिसलं नाही.

पुष्कळ वर्षांनी भाऊ गेले, तेव्हा निवृत्त झालेले साहेब धुळ्याहून आले. तेराव्याच्या पंगतीला भाऊंचं आवडतं भरीत होतं. साहेबांनी घास हातात घेतला आणि तेव्हासारखंच वर पाहिलं. समोर वाढायला भाऊ नव्हते. घास तसाच राहिला.

शेवटी भाऊंची धाकटी पुढं आली. आता फैजपूरच्या शाळेत शिकवते.

‘आधी जेवा, साहेब,’ ती म्हणाली. पुढचं तिला म्हणवलं नाही.