रेवतीच्या जागी दुसरी नाही

रेवती बाळंतपणात गेल्याचं कळलं तेव्हा मी डोशासाठी तांदूळ वाटत होते. शेजारच्या लताअक्कांची थोरली लेक. सतरावंही सरलं नव्हतं हो! बाळ वाचलं, मुलगी आहे. तिची आई मात्र... महिना उलटला, तरी माझा राग उतरत नाही.

ही पोर माझ्या डोळ्यांदेखत वाढली. वडिलांचं इथे कानडी मुलखात, यशवंतपूरच्या बाजारात कांद्या-बटाट्याचं दुकान. शाळेतून आली की आधी आमच्याकडे. ‘मावशी, स्वल्प लोणचं दे ना,’ म्हणत सरळ बरणीत हात घालायची, आणि ओरडलं की खदाखदा हसायची. तिला नर्स व्हायचं होतं. दहावी होते न होते तोच तिच्या वडिलांनी बेळगावकडचं स्थळ पक्कं केलं. मी म्हटलं, ‘अण्णा, लेकरू आहे ते अजून! लगेच दिवस गेले तर झेपेल का तिला?’ तर आमच्या इथल्या मराठी मंडळातली चार शहाणी माणसं मलाच म्हणाली, ‘त्यांच्या घरची गोष्ट आहे, तुम्ही कशाला मध्ये पडता?’ वर्षाच्या आत डोहाळजेवण. हिरव्या साडीत अवघडून बसलेली रेवती माझ्या कानाशी लागली, ‘मावशी, फार दुखतं का गं?’ आणि बायका तिच्या फुलांच्या वाडीचं कौतुक करत होत्या!

पण खरी कमाल पुढेच. तेरावं झालं आणि सासरची माणसं बाळाला बघायला आली. सोबत मंडळातली तीच चार शहाणी माणसं. म्हणे, जावई तरुण आहे, बाळाला आई हवी, धाकटी आहेच की घरात! धाकटी वीणा नववीत. पाण्याचा तांब्या घेऊन दाराशीच उभी होती, सगळं ऐकत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, ‘तेव्हा घरची गोष्ट, आणि आता अख्ख्या समाजाची? रेवतीला दिवस गेले तेव्हा कुठे होता हा समाज?’ अण्णा मान खाली घालून पुटपुटले, ‘सरी, ठीक आहे... मोठी माणसं म्हणतात तर...’

तेवढ्यात लताअक्का बाळाला घेऊन बाहेर आल्या. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी बाई ती. म्हणाल्या, ‘एक दिली. दुसरी देणार नाही. बाळाला आई हवी ना? मी आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी आपापल्या लेकी आणाव्यात.’ एकेक जण चपला शोधायला लागला.

आता रेवतीच्या खाटेवर बाळ झोपतं. शेजारी वीणा गणितं सोडवते. बाळ रडलं की गल्लीतली जी मोकळी असेल ती धावते. वीणा उठायला बघते... आम्ही तिला उठू देत नाही.