उलटा हात

आमची धुऊन वाळवणारी मशीन कपडे ओलेच ठेवू लागली. कंपनीचा माणूस नागपूरहून पंधरा दिवसांनी येणार होता, म्हणून फुलचूरच्या एका दुकानदाराने त्याच्या ओळखीचा मेकॅनिक पाठवला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

तो चपला घालूनच आत आला. मशीनला त्याने बोटांची मागची बाजू लावली आणि हात झटकन मागे घेतला.

"करंट आहे, ताई. वाळवायची कॉइल बॉडीले टेकून राहिली. अन् अर्थिंगची पिन काऊन तोडली?"

बोर्डात बसत नव्हती म्हणून मीच तोडली होती.

"उलटा हात लावला तं करंट फेकते," तो म्हणाला. "सरळ लावला तं मूठ बंद होते, सुटत नाही. कपडे कोण काढते?"

"आई. अनवाणी." हातांना मुंग्या येतात, असं ती महिनाभर सांगत होती. मी ते तिच्या वयावर ढकललं होतं.

कॉइल, पिन आणि पिन बसेल असा बोर्ड बदलून तो निघाला. जाताना आमच्या लोखंडी फाटकालाही त्याने आधी उलटा हात लावला, मगच ते ढकललं.

आता मुंग्या येत नाहीत, आई सांगते. तरी रोज तिच्याआधी माझा उलटा हात मशीनवर पडतो.