सोपानला मी नापास केलं, तो चुडाव्याचा प्रवास

निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मे महिन्यात मॅट्रिकचा निकाल पेपरात आला आणि आमच्या परभणीच्या बोर्डिंगातल्या सोपानचा नंबर त्यात दिसला! तो सुट्टीला गावी गेलेला. आमच्याच खोलीतला रशीद म्हणाला, "पोस्टानं कळवण्यात काय मजा? आपणच जाऊ!" बाजारातून पावशेर पेढे घेतले आणि स्टेशन गाठलं.

सकाळची पॅसेंजर पकडली. पूर्णेला गाडी अशी रेंगाळली की आमचा दोनदा चहा झाला. चहा फक्कड होता, भज्यांच्या मात्र वाटेला जाऊ नका. चुडाव्याला उतरून पुढं दीड कोस पायी. सावली म्हणाल तर बाभळीची. उन्हाळ्यात त्या बाजूला जाणार असाल तर पाणी घेतल्याशिवाय निघू नका. आम्ही तसेच निघालो आणि जीभ टाळूला चिकटली.

गल्लीच्या तोंडापासूनच मी बोंबललो, "सोप्या, अरे बाहेर ये!"

सोपान बाहेर आला. डोकं तासलेलं. मागं ओसरीवर माणसं गप्प बसलेली. त्याचा थोरला भाऊ विहिरीतला गाळ काढत होता, कड ढासळली आणि तो जागीच गेला. आज अकरावा दिवस होता. आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं. सुतकाच्या घरी आम्ही पेढे घेऊन उभे! रशीदनं पुडा सदऱ्याखाली दडवला.

सोपानची आई हळूच म्हणाली, "बाबांनो, त्याला बोलतं करा. डोळ्यातनं टिपूस न्हाई काढला त्यानं. निस्ता बसायलाय."

आम्ही शेजारी टेकलो. सोपाननं विचारलं, "निकाल लागला काय?"

"लागला," मी म्हणालो. "नापास झालास."

रशीद आ वासून बघत राहिला. मला तरी काय झालं होतं? भावाच्या अकराव्याला 'पास झालास' कसं म्हणायचं, असं काहीतरी वाटलं खरं.

"आन् तू?"

"मी पण." हे मात्र खरं होतं. गणितात माझे बारा वाजले होते.

"बेस झालं," सोपान म्हणाला. "आता साळा बंद. दादाचं औत मीच धरतो." डोळे कोरडे ठणठणीत.

परतीच्या वाटेवर रशीद भडकला. "या खुदा! अक्कल कुठं ठेवलीस? शिक्षण सोडायला त्याला कायतरी कारण पायजे होतं, ते तू दिलंस!" स्टेशनावर गाडी आली. गाडी सोडून दिली आणि तेच दीड कोस पुन्हा तुडवले.

"सोप्या, मी खोटं बोललो. तू पास हाएस."

त्यानं खाडकन माझ्या मुस्काटात मारली. मग माझ्याच गळ्यात पडून "दादा, दादा" करत असा हंबरडा फोडला की अख्खी गल्ली गोळा झाली. आम्ही तिघंही रडलो. कुणीतरी त्याला गप्प करायला पुढं झालं, तर आई म्हणाली, "रडू द्या त्याला." रशीदनं काढून दिलेले पेढे तिनं शिंक्यावर ठेवले आणि आम्हाला सांगितलं, "तेराव्यानंतर धाडते याला. औताचं मी आन् त्याचा चुलता बघू."

दुसऱ्या दिवशी परभणीला पोचलो. जूनमध्ये सोपानही आला. मास्तरकीच्या ट्रेनिंगला जायचा आणि रोज संध्याकाळी मला गणित शिकवायचा.

आता ती गाडी, ते ऊन, सगळं पुसट झालंय. राहिलंय ते बोर्डिंगातलं एक बोलणं. एका संध्याकाळी मी धीर करून म्हणालो, "सोप्या, तवा मी तुझ्या दुःखापायी खोटं बोललो, का तू पास न् मी नापास म्हणून, मला खरंच कळत न्हाई."

त्यानं पाटीवरून मानही वर केली नाही.

"मला कळतंय," तो म्हणाला. "म्हणूनच तर मारलं. आता हे गणित सोडव."