सासूबाईंची भीती
मी चौथीच शिकले, अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. आज भांडी घासताना हातातली बांगडी फुटली आणि चिंचपोकळीच्या खोलीतली एक दुपार आठवली. तळलेल्या बोंबलांचा वास अजून खोलीत होता. शेजारची कॉलेजातली मुलगी माझ्या आंधळ्या सासूबाईंसमोर बसली होती. मोबाइलवर ती मैत्रिणींबरोबर एक खेळ खेळायची. प्रत्येकीने कोणीतरी माणूस व्हायचं आणि त्याच्यासारखं बोलायचं. हिने आंधळी बाई घेतली होती. "आजी, मनाचं काहीही बोलायला नको, म्हणून विचारते. तुम्हाला सगळा अंधार दिसतो?" "तुका पाठीमागचा काय दिसता? तसाच माका," सासूबाई म्हणाल्या. "मग भीती कशाची वाटते?" "हिची. माझ्या सुनेची." माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. नवरा गेल्यापासून त्या माझ्यावर सारख्या खेकसायच्या. मला वाटायचं, मुलगा गेल्याचा राग माझ्यावर काढतात. "झील गेलो आणि बायकांनी हिची काकणां काढली," त्या म्हणाल्या. "तेवापासून ही घरात खंय आसा, ता माका कळना नाय. एकदम अंगाशी येता, माझो जीव जाता." मी ताट खाली ठेवलं. संध्याकाळी कासाराकडे जाऊन दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या भरून घेतल्या. चाळीतल्या बायका बघत राहिल्या, मी मान खाली घालून जिना चढले. दारात पाऊल टाकताच सासूबाई म्हणाल्या, "इलंस गो?" आता त्या नाहीत. तरी फुटलेल्या बांगडीच्या जागी मी उद्या नवी भरणार आहे.